क्वार्टरबॅकची आई

सामना जिंकला होता, तरी श्रीरंगच्या हॉलमध्ये हरल्याची कळा पसरली होती.

त्यांची लाडकी अमेरिकन फुटबॉलची टीम एका पॉइंटनं जिंकली होती, आणि तेही आपल्या कर्तबगारीनं नाही. समोरच्या टीमच्या किकरनं अगदी शेवटी मारलेला चेंडू गोलच्या खांबावर आपटून बाहेर गेला, म्हणून. तो आपटला तेव्हा सगळे सोफ्यावरून उडाले, एकमेकांच्या गळ्यात पडले, परीक्षितच्या हातातली बिअर गालिच्यावर सांडली. आणि मग आनंद जसा आला तसा ओसरला. सगळे खाली बसले. प्रत्येकाच्या मनात एकच नाव होतं.

मार्लन प्रुइट. वय बावीस. कॉलेजातून थेट टीममध्ये आलेला, पहिल्याच वर्षाचा रूकी. आणि त्याला दिलेली जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते ती. टीम आरामात पुढे असताना या पोराच्या दोन इंटरसेप्शन झाल्या होत्या, म्हणजे फेकलेला चेंडू दोनदा सरळ शत्रूच्या हातात गेला होता.

"बसवा त्याला बाकावर," परीक्षित म्हणाला. "आजच्या आज. हे काय जिंकणं आहे का यार? त्यांचा किकर आपल्याला जिंकवून गेला."

परीक्षित पुण्याचा. डॅलसमधल्या एका कंपनीत डेटाबेसचं काम करायचा, पण आवाज असा लावायचा की टीमचा कोच त्याच्या फोनची वाट बघत बसला असावा.

"अरे, पाचवी मॅच आहे त्याची," श्रीरंग म्हणाला. "पहिल्या वर्षी सगळेच चुकतात."

"चुकणं वेगळं आणि पर्वा नसणं वेगळं. त्याचं तोंड बघितलंस? दुसरी इंटरसेप्शन झाल्यावर हसत होता तो!"

"हसत नव्हता. ओठ चावत होता."

खुर्चीत रेलून बसलेल्या नंदूकाकांनी हात वर केला. सत्तरीला टेकलेले नंदूकाका ऐंशीच्या दशकात टेक्सासला आलेले. या सगळ्या मंडळींना हा खेळ त्यांनीच शिकवला होता, कागदावर फुल्या आणि गोल काढून. "एक वर्ष थांबा रे," ते म्हणाले. "हात चांगला आहे पोराचा. डोकं मागून येतं."

पण परीक्षित आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. "काका, हे हल्लीचे पोरगे. आज रात्री कुठल्यातरी क्लबमध्ये नाचत असेल बघा. आपण इथं रक्त आटवतोय आणि त्याला काडीचंही पडलेलं नाही."

श्रीरंग मूळचा सोलापूरचा. अमेरिकेत आला तेव्हा ऑफिसात जेवताना गोऱ्या सहकाऱ्यांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यानं फुटबॉल बघायला सुरुवात केली होती. पुढं खरंच जीव जडला. या रूकीवर तर जरा जास्तच. आणि त्याला कारण होतं. ते कारण त्याच्या जिभेच्या टोकावर गेले कित्येक आठवडे येऊन बसलं होतं.

"क्लबमध्ये?" तो उसळून म्हणाला. "गेल्या मंगळवारी आईचे कचऱ्याचे डबे आत ओढून घेत होता तो! दर मंगळवारी येतो. तिचं लॉन कापतो. मी स्वतः बघतो ना, इथं समोर—"

तो थांबला. पण शब्द बाहेर पडले होते.

स्वयंपाकघरातून गरम साबुदाणा वड्यांची थाळी घेऊन येणारी श्रीरंगची बायको दीपा दारातच उभी राहिली.

"समोर?" परीक्षित हळू आवाजात म्हणाला. "कुठं समोर?"

"काही नाही. म्हणजे, या भागात."

परीक्षित उठला. खिडकीपाशी गेला आणि दोन बोटांनी पडद्याच्या पट्ट्या फाकवून बाहेर बघू लागला. दुपारचं ऊन होतं. रस्त्यापलीकडे पांढऱ्या खांबांचं एक बैठं घर, दाराशी जांभळ्या फुलांच्या कुंड्या, आणि खुर्चीवर वाळत घातलेला एक टॉवेल.

"ते? मार्लन प्रुइटची आई तुझ्यासमोर राहते आणि तू आम्हाला बोलला नाहीस?"

"परीक्षित, प्लीज. तिनं दीपाला विनंती केली होती कोणाला सांगू नका म्हणून. हे इथंच राहू दे."

"अरे, मी कोणाला सांगणार?" परीक्षित हसला. पण तो खिडकीपासून लगेच हलला नाही. श्रीरंगला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"हे इथंच राहिलं पाहिजे," नंदूकाका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "मी इथल्या लोकांना टीम जिंकल्यावर पाहिलंय आणि हरल्यावरही पाहिलंय. समजलं का परीक्षित?"

"हो काका, समजलं."

दीपानं थाळी टेबलावर ठेवली आणि कोणाकडे न बघता आत निघून गेली.

सगळे गेल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. गालिच्यावरचा बिअरचा डाग पुसत ती एवढंच म्हणाली, "डनीसनं मला एकच गोष्ट मागितली होती."

"मी त्याच्या बाजूनं बोलत होतो, दीपा."

"माहितीये. म्हणून तर गप्प आहे."

डनीस म्हणजे मार्लनची आई. आर्कान्सामधल्या एका छोट्या गावात तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. मुलगा मोठ्या टीममध्ये लागल्यावर त्यानं तिला जवळ आणलं, पण घर मामाच्या नावावर भाड्यानं घेतलं. दीपाची आणि तिची ओळख झाली ती कढीपत्त्यावरून. दीपाच्या अंगणातल्या झाडाचा वास रस्त्यापलीकडे डनीसपर्यंत गेला आणि ती विचारायला आली. मग हळूहळू डब्यांची देवघेव सुरू झाली. इकडून वरण-भात आणि भाजी, तिकडून मक्याचा गोडसर पाव. आपला मुलगा कोण हे तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही दबल्या आवाजात, जसं एखादं आजारपण सांगावं तसं.

आठवडा सरळ गेला. निदान तसं वाटलं. बुधवारी संध्याकाळी श्रीरंग ऑफिसमधून आला तेव्हा एक करडी गाडी गल्लीतून फार सावकाश चालली होती. वाट चुकली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्या गल्लीला दुसरं तोंड नाही, शेवटी वळसा आहे. गाडी वळसा घालून परत आली, तेवढ्याच सावकाश.

रविवारी टीम हरली, आणि साधी हरली नाही. जिंकायला फक्त काही यार्ड उरलेले असताना मार्लननं चेंडू हातातून निसटू दिला आणि विरुद्ध टीमचा एक आडदांड गडी तो उचलून मैदानभर पळत गेला. श्रीरंगनं त्या दिवशी कोणाला बोलावलं नव्हतं. टीव्हीवर मार्लनचा चेहरा मोठा करून दाखवत होते. श्रीरंगची नजर मात्र पुन्हापुन्हा खिडकीकडे जात होती.

अंधार पडायच्या आतच पहिला पिझ्झावाला आला. डनीसच्या दारात. मग दुसरा, मग तिसरा. तिनं काहीच मागवलेलं नव्हतं. पोरं डबे हातात घेऊन पोर्चवर उभी, आणि ती दारात झगा सावरत त्यांची माफी मागत होती, जणू चूक तिची होती. मग गाड्या सुरू झाल्या. समोर येऊन हॉर्न दाबून धरायचे आणि निघून जायचे. एका गाडीतून कोणीतरी मार्लनचं नाव घेऊन असं काही ओरडलं की दीपानं धावत जाऊन लेकीच्या, अनिकाच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

"आई, व्हॉट्स हॅपनिंग?" अनिकानं विचारलं. ती चौदा वर्षांची.

"काही नाही. मॅच हरले ना."

"सो व्हाय आर दे हिअर?"

दीपानं फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डनीसकडे जाऊन आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"तिनं मला विचारलं, हनी, तू कोणाला बोलली नाहीस ना? मी नाही म्हटलं." दीपा खुर्चीवर बसली. "तिनं माझा हात हातात घेतला आणि सॉरी म्हणाली. तुझ्यावर शंका घेतली म्हणून सॉरी. मी आज तुझ्यासाठी खोटं बोलले, श्रीरंग. आणि तिनं माझी माफी मागितली."

श्रीरंगनं ऑफिसला दांडी मारली आणि थेट परीक्षितचं घर गाठलं. परीक्षित घरूनच काम करत होता. दार उघडताच त्याच्या लक्षात आलं.

"शपथ, मी बाहेर कुठंच टाकलं नाही," तो आधीच म्हणाला. "फक्त आपल्या ग्रुपवर."

"कुठल्या ग्रुपवर?"

"आपल्या देसी फॅन्सच्या. सगळे आपलेच आहेत रे. गंमत म्हणून लिहिलं, आमच्या श्रीरंगच्या गल्लीत व्हीआयपी. आणि एक फोटो."

"फोटो?"

परीक्षितनं फोन पुढे केला. श्रीरंगच्याच खिडकीतून काढलेला फोटो होता. पडद्याच्या दोन पट्ट्यांमधून दिसणारे पांढरे खांब, कुंड्या, खुर्चीवरचा टॉवेल. श्रीरंग त्याला विनवत होता तेव्हाच त्यानं तो काढला होता, पाठमोरा उभा राहून.

"त्या ग्रुपमध्ये किती माणसं आहेत, तुला माहीत तरी आहे का?"

"डिलीट केला मी काल," परीक्षित म्हणाला. "काल हरल्यावर लगेच डिलीट केला."

"म्हणजे तुला माहीत होतं हरल्यावर काय होणार ते."

परीक्षितनं फोन खिशात टाकला. मग हट्टानं म्हणाला, "पण सांगितलंस तू. मी विचारलंही नव्हतं."

हे खरंच होतं. श्रीरंग गाडीत येऊन बसला आणि बराच वेळ त्याला गाडी सुरू करता आली नाही.

फोटो कोणीतरी पुढे पाठवला होता, त्यानं आणखी कोणाला. शेवटी तो फॅन्सच्या एका मोठ्या फोरमवर जाऊन पडला होता आणि तिथं कोणीतरी नकाशा लावून गल्ली शोधून काढली होती. श्रीरंगनं घरी येऊन ते पान उघडलं. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. काही जण चिडलेले, काही नुसते मजा घेणारे. त्याला जास्त भीती वाटली ती शांतपणे लिहिणाऱ्यांची. एकानं विचारलं होतं, बाई एकटीच असते का? दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, हो, मंगळवार सोडून.

आणि नकाशावर लावलेली लाल खूण किंचित चुकली होती. ती रस्त्याच्या अलीकडे पडली होती. श्रीरंगच्या छपरावर.

त्यानं फोरमवाल्यांना लिहिलं, पोलिसांना फोन केला. एक तरुण अधिकारी आला, सगळं नीट लिहून घेतलं, डनीसशीही बोलला. गस्त वाढवतो म्हणाला. जाता जाता त्यानं विचारलं, "माहिती कुठून फुटली याची काही कल्पना?" श्रीरंगचं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात दीपा म्हणाली, "आमच्या घरातून." अधिकाऱ्यानं मान वर करून दोघांकडे एकदा पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

गुरुवारी दुपारी अनिकाचा फोन आला. ती शाळेतून येऊन घरात एकटीच होती. आवाज इतका बारीक की श्रीरंगला मीटिंगमधून बाहेर येऊन कान दाबून ऐकावं लागलं.

"बाबा, देअर्स अ मॅन ॲट द डोअर."

"उघडू नकोस. कोण आहे?"

"आय डोंट नो. ही'ज वेअरिंग द जर्सी. ही'ज नॉट रिंगिंग एनीमोर. ही'ज जस्ट... स्टँडिंग."

श्रीरंगनं फोनवर दाराचा कॅमेरा उघडला. पन्नाशीचा माणूस. नीटनेटका, दाढी केलेली, चष्मा. अंगात मार्लनच्या नंबरची जर्सी, तिच्या छातीवर काळ्या रंगानं फुली मारलेली. कोणाच्याही ऑफिसात शेजारच्या टेबलावर असावा असा माणूस. तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "मार्लनला सांगा, आम्हाला रविवारी काम हवंय त्याच्याकडून. चांगलं काम." मग त्यानं दाराजवळ ठेवलेली अनिकाची सायकल, जी वाऱ्यानं आडवी पडली होती, उचलून नीट भिंतीला टेकवून ठेवली आणि सावकाश चालत निघून गेला.

श्रीरंग मीटिंग तशीच टाकून घराकडे निघाला. माणसानं सायकल फोडली असती तर तो चिडू शकला असता.

शुक्रवारी सकाळी डनीसच्या पायरीवर एक जर्सी ठेवलेली होती. जाळलेली. अर्धी जळून कोळसा झालेली आणि तरीही कोणीतरी तिची व्यवस्थित घडी घातलेली, जशी दुकानात ठेवतात तशी. डनीस किंचाळली नाही. फोनवर मुलाशी बोलली, मग आत जाऊन कुंड्यांवर जुनी वर्तमानपत्रं गुंडाळायला लागली.

दुपारी मार्लन आला. टीव्हीवर केवढा मोठा दिसणारा पोरगा, हुडी घालून, हातात आईचा मायक्रोवेव्ह घेऊन, कुठल्याही कॉलेजातल्या पोरासारखा दिसत होता. बरोबर दोन मित्र आणि एक भाड्याचा ट्रक. श्रीरंग आपल्या दारात उभा राहून बघत होता. दीपा मदतीला केव्हाच तिकडे गेली होती. डनीसपाशी जाऊन तिनं काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही, पण डनीसचे हात थांबलेले त्याला दिसले. मग डनीसनं दीपाच्या हातातून वर्तमानपत्राचा कागद काढून घेतला आणि स्वतःच कुंडी गुंडाळली. दीपा तिथंच उभी राहिली, रिकाम्या हातांनी.

श्रीरंग रस्ता ओलांडून गेला.

"मार्लन," तो म्हणाला. इतके दिवस ज्या नावानं घरात आरडाओरडा केला होता ते नाव समोरासमोर घेताना त्याला संकोचल्यासारखं झालं. "मी समोर राहतो. माझ्यामुळे झालं हे. मी मित्रांसमोर बोलून गेलो."

मार्लननं मायक्रोवेव्ह ट्रकमध्ये ठेवला. हात हुडीला पुसले. "तुम्ही रागावला होता का, सर? माझ्या खेळावर?"

"नाही. उलट. ते तुला नावं ठेवत होते आणि मी तुझी बाजू घेत होतो. तू किती चांगला मुलगा आहेस हे त्यांना पटवायला म्हणून..."

मार्लननं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर श्रीरंगला तो झेलता आला असता. पोरगा फक्त दमलेला होता.

"मी चांगला आहे की नाही याचा त्यांना काय उपयोग?" तो म्हणाला.

श्रीरंगनं पायाजवळचा एक खोका उचलून ट्रकमध्ये ठेवला.

"तुमची मुलगी आहे ना, सायकलवाली? आई सांगते तिच्याबद्दल." मार्लननं श्रीरंगच्या घराकडे हनुवटीनं खूण केली. "आमच्या सिक्युरिटीवाल्यांनी ते पान बघितलंय. खूण तुमच्या घरावर आहे. ती काढायला सांगितलीय, पण लोकांनी आधीच उतरवून घेतलीय, त्यामुळं ती कुठं ना कुठं राहणार. आई गेली हे त्यांना काही दिवस तरी कळणार नाही. मुलीला एकटी ठेवू नका, सर. खासकरून रविवारी."

तो "सर" म्हणत होता, अगदी शेवटपर्यंत. ट्रक गेला तेव्हा डनीस पुढच्या सीटवर मांडीवर एक कुंडी घेऊन बसली होती. तिनं दारात आलेल्या अनिकाला हात केला. दीपाकडे आणि श्रीरंगकडे बघितलं नाही.

रविवारी त्यांनी अनिकाला सकाळीच नंदूकाकांकडे सोडलं. काका म्हणाले, तुम्ही दोघंही इथंच थांबा. पण घर रिकामं ठेवायला श्रीरंगचं मन होईना, आणि त्याला एकट्याला सोडायला दीपाचं. परीक्षितचा मेसेज आला होता, मॅचला ये माझ्याकडे, झालं ते झालं. श्रीरंगनं तो पुसून टाकला.

दुपार झाली. त्यानं टीव्ही लावला नाही. दोघं हॉलमध्ये बसून राहिले, पडदे ओढून, चहा गार होत. बाहेर गल्ली ओस पडली होती. घराघरात सामना लागला होता, शेजारच्या भिंतीतून समालोचकाचा आवाज गुणगुणल्यासारखा येत होता पण शब्द कळत नव्हते. मधूनच कुठंतरी आरडाओरडा व्हायचा आणि श्रीरंग कान टवकारायचा. हा आनंदाचा की संतापाचा? इतकी वर्षं त्यानंही असाच आवाज केला होता. बाहेरून तो कसा ऐकू येतो हे त्याला माहीत नव्हतं.

"जिंकायला हवेत," दीपा हळूच म्हणाली.

"जिंकले तरी येतील," श्रीरंग म्हणाला. "त्याला बघायला."

मग एकदम सगळीकडून गलका उठला. शेजारच्या घरातून, मागच्या घरातून, पलीकडच्या गल्लीतून. कोणीतरी दार आपटलं. कोणीतरी लांबलचक किंकाळी फोडली. कुत्री भुंकायला लागली. सामना संपला होता. काय झालं ते त्या आवाजावरून काही केल्या कळेना. दीपानं त्याचा दंड घट्ट धरला.

हळूहळू सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, गल्लीच्या तोंडाशी, एक गाडी वळल्याचा आवाज आला. ती फार सावकाश येत होती. तिच्यामागे दुसरी.